एकांताची अंमलबजावणी

स्त्रीच्या आरोग्याचा राजमार्ग यापुढे तिच्या स्वतःच्या घरातूनच जाईल, अशी घोषणा आरोग्य खात्याच्या संचालकांनी भर सभेत केली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. सभेत स्त्रिया नव्हत्या असं कुणी म्हणू नये. दोघी होत्या. एक पाहुण्यांना पुष्पगुच्छ देत होती आणि दुसरी ते त्यांच्या हातून परत घेऊन टेबलावर मांडत होती.

योजना मुळात चांगली होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे तशी शंका येणार नाही. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग हा दबक्या पावलांनी येतो. वर्षानुवर्षं दाराशी घुटमळतो, आणि वेळेवर तपासणी केली तर दारातूनच परत पाठवता येतो. पण तपासणीला बायका फिरकत नव्हत्या. त्या का फिरकत नाहीत हे शोधायला खात्यानं समिती नेमली. समितीनं केंद्राला भेट देऊन, चहा घेऊन, असा निष्कर्ष काढला की तपासणीच्या खाटेभोवतीचा पडदा अपुरा आहे. डोक्याकडे ओढला की पायाकडे उघडं पडतं आणि पायाकडे ओढला की समोर बसलेले सगळे पेशंट नाव-गाव विचारू लागतात. आता पडदा रुंद करायचा, तर पडद्याचं माप वरून मंजूर झालेलं. ते बदलायला वरचेही पुरे पडले नसते, त्यांच्याही वरचे लागले असते. त्यापेक्षा वैद्यकशास्त्राची पद्धत बदलणं सोपं, असं ठरलं.

त्यानुसार घरोघरी पाकिटं निघाली. पाकिटात मऊ टोकाची एक काडी, थोडं औषध घातलेली एक नळी आणि एक माहितीपत्रक. बाईनं दार लावून घ्यायचं, काडीनं स्वतःच स्वतःचा नमुना घ्यायचा, काडी नळीत, नळी पाकिटात आणि पाकीट टपालपेटीत. डॉक्टर नको, खाट नको, पडदा तर नकोच नको.

तो अपुरा पडदा ज्यांनी मंजूर मापाप्रमाणे शिवला होता, त्या पडदेवाल्या बाईंच्या घरीही एक पाकीट आलं.

पडदेवाल्या बाई म्हणजे त्या वस्तीतल्या निम्म्या खिडक्यांची लाज राखणारी बाई. पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचं शिलाई मशीन, बाजूला कापडाचे गठ्ठे, भिंतीला लटकवलेल्या पडद्याच्या कड्यांच्या माळा. कुणाच्या खोलीला जाड कापड लागेल आणि कुणाचं जाळीवर भागेल, हे त्यांना नुसत्या बोलण्यावरून कळायचं. त्यांच्या स्वतःच्या घराला मात्र पडदे नव्हते. दुसऱ्यांच्या ऑर्डरी संपल्या की शिवायचे होते.

बाईंनी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. त्यांची थोरली बहीण याच दुखण्यानं गेली होती. ताईला काही त्रास होत नव्हता, म्हणून ती तपासणीला गेली नाही. त्रास सुरू झाला तेव्हा गेली. "इतके दिवस काय करत होता?" असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा ताई खाली मान घालून म्हणाली होती, "घरचं करत होते." तेव्हापासून बाईंनी मनाशी ठरवलं होतं, आपण तपासून घ्यायचं. दोनदा त्या केंद्राच्या दारापर्यंत गेल्याही. दोन्ही वेळा आत डोकावून आपणच शिवलेला पडदा पाहिला आणि परत आल्या.

आणि आता हे पाकीट. माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'फक्त पाच मिनिटांचा एकांत!'

बाई आठवू लागल्या. एवढा सलग एकांत त्यांना शेवटचा मिळाला होता तो लिफ्ट अडकली तेव्हा. आणि तेव्हाही बाहेरून सगळा मजला "घाबरू नका, आम्ही आहोत" म्हणून ओरडत होता.

त्यात या घराची एक अडचण होती. घरातल्या बाथरूमला कडी नव्हती. पूर्वी होती. एकदा सासूबाई आत अडकल्या आणि सुतार येईपर्यंत त्यांनी आतून सगळ्या नातेवाइकांची झाडाझडती घेतली. त्याच संध्याकाळी कडी काढून टाकायचा निर्णय घरात एकमतानं झाला. बाई तेव्हा स्वयंपाकघरात होत्या, त्यामुळे विरोध नोंदला गेला नाही. कडीऐवजी अशी पद्धत पडली की आत जो असेल त्यानं गात राहायचं. गाणं ऐकू येतंय तोवर आत माणूस आहे आणि शुद्धीवर आहे. गाणं थांबलं, तर तो बाहेर तरी आला किंवा पडला तरी. दोन्ही बाबतीत दार ढकलायला हरकत नाही. घरात सगळ्यांचेच गळे त्यामुळे तयार झाले होते.

दुपारी सगळे जेवून सुस्तावले असताना बाई पाकीट घेऊन आत गेल्या आणि गाऊ लागल्या. गाता गाता माहितीपत्रक उघडलं. पहिलीच सूचना होती, 'शरीर सैल सोडावे. श्वास शांत ठेवावा.' बाईंनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला, पण कडवं घेताना श्वास शांत राहीना आणि श्वास शांत केला की कडवं पडे. शेवटी त्या क्षणभर गप्प झाल्या.

दार ढकललं गेलं.

"अगं, पडलीस की काय?" दारात नवरा. हे गृहस्थ आयुष्यभर वीज कंपनीत मीटर रीडर होते. लोकांच्या जिन्याखाली शिरून आकडे टिपण्यात नोकरी गेली, त्यामुळे बंद दार दिसलं की त्यांना अजूनही कर्तव्याची आठवण होई.

"पडले नाही. उभी आहे."

"मग गात का नाहीस?"

"वाचतेय."

"बाथरूममध्ये?"

एव्हाना मागून सासूबाई काठी टेकत आल्या होत्या आणि त्यांच्यामागे मुलगा, हातात फोन. "चक्कर आली असणार," सासूबाई त्याला सांगत होत्या, "मी सकाळपासून म्हणतेय, हिचं तोंड उतरलंय."

"आई, हातात काय आहे तुझ्या?"

हातातलं पाकीट नवऱ्यानं घेतलं, चष्मा लावला आणि तिथेच, बाथरूमच्या दारात, माहितीपत्रकाचं जाहीर वाचन सुरू केलं. तिसऱ्या ओळीत ते अडखळले, खोकले, चौथ्या ओळीवरून उडी मारून थेट टपालाच्या पत्त्यावर आले.

"हे तुमचं बायकांचं दिसतंय," ते म्हणाले.

"मग द्या इकडे."

"थांब गं. पूर्ण वाचल्याशिवाय कसं द्यायचं?"

सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही."

"तुमच्या वेळी कोण कशानं गेलं ते तरी कुठं कळायचं, आई?"

"कळून काय करायचं होतं? माणूस जायचं ते जायचंच. उगाच नाव विचारत बसायचं नाही."

बाईंनी शांतपणे सगळ्यांना समजावलं की हे ताईचं दुखणं आहे, हे लवकर कळलं तर बरं होतं आणि त्यासाठी आपल्याला पाच मिनिटं एकटीला सोडावं. घरच्यांना ते तत्काळ पटलं. इतकं पटलं, की सगळेच मदतीला धावले. नवऱ्यानं बाथरूमच्या दाराशी खुर्ची टाकून पहारा सुरू केला आणि दर थोड्या वेळानं "झालं का?" विचारून ते बाईंचं मनोबल वाढवू लागले. सासूबाई दुसऱ्या खुर्चीवर बसल्या, कारण एकाच माणसाच्या पहाऱ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. मुलानं आत्याला फोन लावला आणि आत्यानं स्पीकरवरून धीर दिला. शेजारचे काका चार्जर मागायला आले, तर नवऱ्यानं त्यांना दारातूनच परतवलं, "आत्ता नको हो, आत सरकारी तपासणी चालू आहे!"

बाई न तपासता बाहेर आल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माहितीपत्रकावरच्या मदत क्रमांकाला फोन लावला. "आपलं संभाषण संपूर्णपणे गोपनीय आहे," पलीकडून एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "आणि ते ध्वनिमुद्रित केलं जात आहे. बोला."

"घरात एकांत मिळत नाही हो. मैत्रीण एकटीच राहते. तिच्या घरी जाऊन नमुना घेतला तर चालेल ना?"

"योजना घरच्या घरी आहे, ताई."

"तेही घरच आहे."

"आपलं घर हवं. पाकिटावरच्या पत्त्यावरचं. मी तक्रार नोंदवू का? इथे 'एकांताचा अभाव' असा पर्याय आहे."

"नोंदवली की काय होतं?"

"आमचे अधिकारी तुमच्या घरी येतात."

"अजून एक माणूस येऊन एकांत कसा होईल?"

"तो विभाग वेगळा आहे, ताई," मुलगी म्हणाली आणि तक्रार नोंदली गेली.

अधिकारी आले. हुद्दा सहभागवृद्धी अधिकारी. माणूस स्वभावानं मऊ, चेहऱ्यानं दमलेला. पाकिटं गेली ढिगानं आणि परत आली ती बोटावर मोजण्याइतकी, त्यामुळे वरून त्याला रोज विचारणा होत होती. पण बिचाऱ्याची एक पंचाईत होती. ज्या रोगासाठी त्याची नेमणूक झाली होती, त्याचं नाव काही त्याच्या तोंडून निघत नसे.

"म्हणजे आपण, बाई, त्या... विषयांकित अवयवाचा नमुना अद्याप सादर केलेला नाही," तो छताकडे पाहत म्हणाला.

"गर्भाशयाच्या मुखाचा," बाई म्हणाल्या.

"तोच तो. उपरोक्त."

त्यानं बाथरूमची पाहणी केली. दार ढकलून पाहिलं, नवऱ्याला आत उभं करून गायला लावलं, बाहेरून ऐकलं. मग खुर्चीवर बसून गंभीरपणे म्हणाला, "खात्याचा नवा निर्णय असा आहे की एकांत मिळाला की नाही, हे बाईच्या सांगण्यावर सोडता येत नाही. तो प्रमाणित करावा लागतो. नमुना घेतेवेळी तिथे कुणीही हजर नव्हतं, असं दोन साक्षीदारांनी सांगायला हवं."

"साक्षीदार कुठं उभे राहणार?"

"आत. बाहेरून त्यांना काय कळणार आत कुणी नाही ते?"

"पण साक्षीदार आत असले, तर आत कुणीतरी आहे की हो."

अधिकारी विचारात पडला. "हा मुद्दा आत्तापर्यंत कुणी उपस्थित केला नव्हता," तो म्हणाला.

"त्यात काय एवढं?" नवरा पुढे सरसावला. "मी आणि आई राहतो उभे. भिंतीकडे तोंड करून. आम्ही का परके आहोत?"

बाईंनी त्या अधिकाऱ्याकडे नीट पाहिलं. "साहेब, एक विचारू? तुमच्या मिसेसनी घेतला का नमुना?"

तो पुन्हा छताकडे पाहू लागला. "पाकीट आलंय," तो म्हणाला. "फ्रिजवर आहे. म्हणजे, असेल." मग बॅग उचलली आणि दारात थबकून, आवाज खाली आणून पुढे म्हणाला, "काहीतरी करतो, बाई. तुमचं काम झालं पाहिजे."

त्यानं खरोखरच काहीतरी केलं. सरकारी माणसानं मनावर घेतलं की काय होतं, हे बाईंना पुढच्याच आठवड्यात कळलं. अधिकाऱ्यानं वर कळवलं की स्त्रियांच्या घरी घर नाही. वरच्यांनी त्यावर खल करून ठरवलं, की मग ते खात्यानं पुरवावं. तपासणी केंद्राच्या आवारात एक 'आदर्श घर' उभं राहणार होतं. दारात पायपुसणं, खुंटीवर टॉवेल, बाथरूमला चकचकीत कडी. बायकांनी तिथे यायचं आणि घरच्या घरी नमुना द्यायचा.

"म्हणजे परत केंद्रावरच यायचं?" बाईंनी अधिकाऱ्याला फोनवर विचारलं.

"केंद्रावर नाही, बाई. केंद्राच्या आवारातल्या घरी. आणि पहिल्या लाभार्थी तुम्ही! तुमच्याच तक्रारीमुळे झालंय ना सगळं."

बाई नको म्हणणार होत्या. तेवढ्यात त्यांनी नळीवरची तारीख पाहिली. आतलं औषध त्या तारखेनंतर चालणार नव्हतं. दुसरं पाकीट मागवलं असतं, तर पहिलं न वापरण्याची कारणं सांगायला पुन्हा अधिकारी घरी आला असता. उद्घाटनाचा दिवस आणि नळीचा शेवटचा दिवस नेमका एकच होता. बाई हो म्हणाल्या.

मग पोस्टरं लागली. मुलानं परस्पर दिलेला फोटो होता. मशीनवर हात ठेवून बाई हसताहेत आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'माझे घर, माझा एकांत, माझा नमुना! आणि तुमचा?' प्रत्येक बसथांब्यावर बाई एकांतात हसू लागल्या. दूधवाला म्हणाला, "काकू, अभिनंदन." बँकेतला कॅशियर खिडकीतून वाकून म्हणाला, "तुम्हीच ना त्या?" सासूबाई दोन बसथांबे चालत जाऊन फोटो पाहून आल्या आणि म्हणाल्या, "बरा आलाय. पण मागं माझी खुर्ची अर्धीच दिसतेय."

एक गोष्ट मात्र घडली, जी कुठल्याच अहवालात आली नाही. पडदे शिवून घ्यायला येणाऱ्या बायका कापड चाचपता चाचपता, खिडकीबाहेर बघत, हळूच विचारू लागल्या.

"दुखतं का हो?"

"नाही म्हणतात."

"म्हणतात म्हणजे? तुम्ही केलंत ना?"

"पोस्टरवर केलंय. खरं करायचंय अजून."

त्या बाया हसायच्या, आणि जाताना कापडाचा नमुना विसरून जायच्या. त्यांच्याही घरी पाकिटं होती. कुणाचं गादीखाली, कुणाचं पिठाच्या डब्यामागं.

उद्घाटनाच्या दिवशी सगळी वस्ती लोटली. बाईंच्या घरचे तर झाडून सगळे व्यासपीठावर होते. सासूबाईंचा 'एकांतास अनुकूल सासू' म्हणून सत्कार झाला. नवऱ्यानं 'या प्रश्नात पुरुषांचा सहभाग' या विषयावर भाषण केलं आणि त्यात विजेच्या मीटरचे प्रकार सविस्तर सांगितले. मुलगा सगळं फोनवरून थेट दाखवत होता, आत्या परगावाहून पाहत होती आणि मधूनच "वहिनीला जरा मध्ये घे" असं ओरडत होती. शेवटी संचालक उठले, बाथरूमच्या दाराला बांधलेली लाल फीत कापली आणि म्हणाले, "स्त्रीचा एकांत ही समाजाची जबाबदारी आहे. आता आपण सगळे मिळून तो पाळू या. सर्वांनी जागेवर उभं राहून शांतता राखावी."

बाई आत गेल्या. कडी लावली. कडी खरंच सुरेख होती. बाहेर सगळा जमाव दाराकडे तोंड करून, माना खाली घालून, श्वास रोखून उभा होता. त्या रोखलेल्या श्वासांचा आवाज दाराला टेकल्यासारखा आत येत होता. कुणाचा तरी फोन वाजला, कुणीतरी त्याच्यावर डाफरलं, आणि त्याहून मोठ्यानं तिसऱ्यानं दोघांना "शूऽऽ" केलं. बाई पाकीट छातीशी धरून भिंतीला टेकायला मागे सरकल्या.

मागं भिंत नव्हती.

आदर्श घराला पुढची बाजू तेवढी होती. फोटोत येणार होती तेवढीच बांधायची, असं ठेकेदाराला सांगितलं होतं, आणि ठेकेदारानं ते शब्दशः पाळलं होतं. मागे सरळ केंद्राची मागली गल्ली, दोन सायकली आणि उन्हात झोपलेलं एक मांजर. बाईंनी एकदा कडीकडे पाहिलं, एकदा गल्लीकडे. मग पाकीट पिशवीत टाकलं आणि चालू लागल्या.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दुकानं अर्धी मिटलेली, जिन्यात कुणी नाही, गॅलऱ्या रिकाम्या. सगळे तिकडे बाईंचा एकांत पाळत होते. घराच्या दाराला कुलूप होतं. बाईंना क्षणभर ते ओळखूच येईना, परत येताना आपल्या दाराला कुलूप त्यांना कधी दिसलंच नव्हतं. किल्ली त्यांच्याच पिशवीत होती. सगळ्यांचं आटपून देऊन सर्वांत शेवटी घराबाहेर पडणाऱ्या त्याच.

आत गेल्या. घड्याळाची टिकटिक एवढी मोठी असते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. सासूबाईंची खुर्ची रिकामी. नवऱ्याचा चष्मा पेपरवर. कुणी हाक मारली नाही, कुणी काही मागितलं नाही. बाई मशीनपाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या. ताईला अशी एक दुपार मिळाली असती तर, असं काहीतरी मनात आलं, आणि त्यांनी ते तिथेच थांबवलं. वेळ थोडा होता. लांबून लाउडस्पीकरवर संचालकांचा आवाज येत होता, शांतता राखल्याबद्दल ते सर्वांचे आभार मानत होते.

बाईंनी हात साबणानं स्वच्छ धुतले. बाथरूमचं दार लोटलं. गायल्या नाहीत. पाकीट फोडलं, नळी समोरच्या फळीवर उभी केली, मऊ टोकाची काडी हातात घेतली, श्वास शांत केला.

आणि हात थांबला. कुणीतरी बघतंय असं वाटलं. त्यांनी दाराच्या फटीतून पाहिलं, खिडकीला कान लावला. घरात खरंच कुणी नव्हतं. मग त्यांनी मान वर केली आणि सरळ इकडे पाहिलं.

"आणि तुम्ही हो?" बाई म्हणाल्या. "केव्हापासून बघतेय, पाठोपाठ येताय. त्या दिवशी बाथरूमच्या दारात होतात, फोनही ऐकलात, सभेतही श्वास रोखून उभे होतात. बरं, राग नाही माझा. एवढंच करा.

"जरा पान उलटता का?"